नोटरीवर सोडचिठ्ठी चालते का? आणि अर्ज सोलापुरात करू की पुण्यात?

जुळे_सोलापूरकर:
२०१९ ला लग्न इथंच सोलापुरात झालं, नंतर हडपसरला राहायचो. गेले १४ महिने मी माहेरी आहे, मुलगी ५ वर्षांची, माझ्याजवळच असते. आता त्यालाही नकोय नि मलाही, भांडायचं काही उरलेलं नाही, पण परवा सासऱ्यांचा फोन आला, कोर्टकचेरी कशाला, ५०० च्या बॉन्डवर लिहू, दोघांच्या सह्या, नोटरी, झालं. आई म्हणते आपल्याकडं तसंच करतात की. मला धाकधूक होतेय. आणि कोर्टातच जायचं तर पुण्याला किती चकरा, रजा किती टाकायच्या?

हुतात्मा_एक्सप्रेस:
ताई सही करू नका. नोटरी म्हणजे फक्त सही तुमचीच आहे एवढंच, त्यानं लग्न मोडत नाही. काही समाजात रूढीनं सोडचिठ्ठी चालते, पण ती रूढी कोर्टात सिद्ध करत बसावं लागतं. आमच्या चुलतभावानं असाच कागद करून दुसरं लग्न केलं, मग कळलं पहिलं अजून उभंच आहे, म्हणजे दुसरं कायद्यानं रद्द, वर केसची टांगती तलवार. त्या कागदाला लॅमिनेशन केलं होतं बघा, एवढा विश्वास!
आणि पुण्याला कशाला जाता? लग्न इथं झालंय, तुम्ही राहताय पण इथं, सोलापुरात अर्ज चालतो.

नवी_पेठ_८८:
माझा झालाय म्हणून सांगते. दोघं तयार असाल तर हिंदू विवाह कायद्याचं कलम १३ ब, परस्पर संमती. वर्षभर वेगळं राहिलेलं लागतं, ते तुमचं झालंय. अर्ज दिला की सहा महिने थांबायचं, मग दुसऱ्यांदा कोर्टापुढं दोघांनी हो म्हणायचं. २०१७ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की ते सहा महिने कोर्ट माफ करू शकतं, पण आमच्या वेळी नाही केले. खरी गोम मधल्या काळात असते, डिक्री, म्हणजे कोर्टाचा घटस्फोटाचा शेवटचा हुकूम, होईपर्यंत कुणीही संमती मागे घेऊ शकतं. म्हणून मी अर्धे पैसे पहिल्या तारखेला डीडीनं घेतले, अर्धे शेवटच्या तारखेला कोर्टासमोर. तोंडी "देतो की" वर राहू नका. मुलीचा ताबा, भेटायचे वार, शाळेची फी सगळं अर्जातच लिहून घ्या, आणि मुलीचा खर्च तुम्ही सही करून सोडला तरी तिचा हक्क सुटत नाही.
तो फिरला तर मग कलम १३, म्हणजे तुम्ही एकटीनं अर्ज करायचा, तिथं छळ वगैरे कारण सिद्ध करावं लागतं. सोडून दिलं म्हणायला सलग दोन वर्षं लागतात, तुमचे १४ महिनेच झालेत.

बाराबंदी:
वकिलाच्या फीचं टेन्शन असेल तर जिल्हा कोर्टातच विधी सेवा प्राधिकरण आहे, बायकांना उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो. फक्त सासऱ्यांनी आणलेल्या वकिलाकडं दोघांचं काम देऊ नका बरं का.

जुळे_सोलापूरकर:
थँक्यू सगळ्यांना. सासऱ्यांना सांगितलं कोर्टातूनच करू, फोन ठेवला त्यांनी. आईला स्त्रीधनाचं विचारलं तर तिनं कपाटातून लग्नाची वही काढली, पाटल्या ४ तोळे, गंठण, अगदी चांदीचं निरांजन पण लिहिलंय. सोमवारी हाफ डे टाकून कोर्टात जाते, वही घेऊनच.