मंडळी म्हणजे माणसे की इमारत?

प्रश्न : छताच्या दुरुस्तीमुळे दोन महिने आमची उपासना एका सभासदाच्या पडवीत होत आहे. ‘चर्च बंद आहे’ असे मुलांना सांगताना जीभ अडखळते. चर्चचा मूळ अर्थ काय?

उत्तर : आपल्या बायबलमधला शब्दच पाहा. चर्चसाठी तिथे असलेला मूळ ग्रीक शब्द ‘एक्लेसिया’ म्हणजे एकत्र जमलेली सभा. तिच्यासाठी भाषांतरकारांनी ‘मंडळी’ हा शब्द योजला, जो आपण घरच्या माणसांसाठीही वापरतो. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या १६व्या अध्यायात प्रेषित पौल प्रिस्का व अक्विला यांच्या घरी जमणाऱ्या मंडळीला सलाम सांगतो. तिथे इमारतीचा उल्लेखही नाही.

सीरियातील दुरा-युरोपस येथे सापडलेले तिसऱ्या शतकातील उपासनास्थळ मुळात राहते घर होते, दोन खोल्यांमधली भिंत काढून सभेसाठी जागा केली होती. आपल्याकडे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये स्थापलेल्या ‘देवाचा दरबार’ या ख्रिस्तभक्तांच्या संघात तर बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही स्थान होते.

तरीही वास्तूला कमी लेखू नये, असे मला मनापासून वाटते. माझ्या आजीच्या हाताने गुळगुळीत झालेल्या बाकाच्या कडेवर मी आजही हात ठेवतो. मात्र ती अंथरुणाला खिळली, तेव्हा प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ घ्यायची भाकर व द्राक्षरस) घेऊन मंडळीच तिच्या खाटेपाशी आली होती.