ड्वार्फ फोर्ट्रेस : प्रत्येक बुटक्याला स्वतंत्र खोली कशाला?

खाणउंदीर

ड्वार्फ फोर्ट्रेस या संगणकावरच्या खेळात बुटक्यांची वसाहत चालवावी लागते. माझ्या किल्ल्यात सध्या १४० बुटके आहेत. त्यातले तीन सुतार आणि चार पाथरवट खेळातली तीन वर्षं खोल्यांच्या सामानाखेरीज काहीही करत नाहीयेत. पलंग, कपाट, पेटी, दार. खोलीमागे चार नग, म्हणजे ५६० नग. त्यात फर्निचर बिनमध्ये (सामान साठवायच्या खोक्यात) मावत नाही, कोठारात एका चौकोनाला एकच नग. कोठार तुडुंब, भोजनगृहात मात्र अजून कच्च्या भिंती. काल रात्री वैतागून हिशेब मांडला.

साध्या लाकडी कपाटाची किंमत १०. मास्टरवर्क, म्हणजे सर्वोत्तम दर्जाचं, निघालं तर बारा पट, म्हणजे १२०. पलंग, कपाट, पेटी तिन्ही मास्टरवर्क धरले तरी ३६०. खोलीचा दर्जा तिच्या एकूण किमतीवर ठरतो; एवढ्यात ती २५० ची पायरी ओलांडते, ५०० ची गाठत नाही. आता पुतळा घ्या. मूळ किंमत २५, सोनं ३० पट, झाले ७५०. मास्टरवर्क निघाला तर ९,०००! शाही भोजनगृहाला १०,००० लागतात. एक पुतळा, थोड्या घासलेल्या भिंती, चार बरी मेजं, की झालं शाही दालन. आणि तिथे सगळेच्या सगळे १४० जेवणार.

म्हणून माझं मत असं, की झोपायला एक मोठी सामायिक खोली, ओळीने पलंग, बाकी सगळी मेहनत भोजनगृहात. स्वतंत्र खोल्या फक्त महापौर आणि सरदार मंडळींना, कारण ते मागतातच. यात काय चुकतंय ते सांगा.

रंधा

चुकतंय ते कपाटात. कपाट नुसतं किंमत वाढवायला असतं असं तुम्ही धरून चाललात. बुटके स्वतःच्या मालकीचे कपडे कपाटात ठेवतात. कपाट नसेल तर जुने मोजे, अर्धे फाटलेले झगे किल्लाभर लोळत राहतात, आणि मालकी त्यांची असल्यामुळे तुम्ही ते सहज उचलूनही टाकू शकत नाही. १४० बुटके, प्रत्येकाचे सात-आठ कपडे. एफपीएस (खेळाचा वेग) कुठे गेला म्हणून नंतर शोधत बसाल.

खाणउंदीर

मोज्यांचा मुद्दा मान्य. पण त्यासाठी १४० भिंती कशाला?

रंधा

भिंती उभारायच्या कुठे आहेत? आपण डोंगरात राहतो, भिंत आयतीच असते. खोदताना दोन खोल्यांमध्ये एक चौकोन सोडायचा. पूर्वी प्रत्येक पलंगावर जाऊन तिथून खोली आखावी लागायची, तेव्हा तुमचा कंटाळा समजला असता. २०२२ च्या डिसेंबरात स्टीमवर जी आवृत्ती आली तिच्यात झोन रंगवायचा, ‘मल्टी’ दाबायचं, की भिंतींनी बंद आणि आत पलंग असलेल्या जागांच्या खोल्या आपोआप होतात. बुटके रिकामी खोली स्वतःहून धरतात. तुम्ही नावं वाटत बसायचीही गरज नाही.

निद्रानाश

खाणउंदीर यांच्याशी ऐंशी टक्के सहमत. सुरुवातीच्या सात बुटक्यांना आणि पहिल्या दोन स्थलांतरांना सामायिक खोलीच बरी. त्या काळात सुताराने पलंग करायचे की पिंपं? पिंपं नसली तर दारू साठत नाही, आणि दारू नसली तर पलंगावर निजलेला बुटकाही रडतोच. जमिनीवर झोपवू नका एवढं पथ्य पाळलं की पहिलं वर्ष निघतं.

पण पुढे जाऊन तेच धोरण कायम ठेवायचं म्हटलं तर मी नाही तुमच्या बाजूने. बुटका वर्षातून कितीदा जेवतो आणि कितीदा झोपतो ते बघा. चांगल्या खोलीत उठल्याचं समाधान ही त्याची स्वतःची, वेगळी जमा असते. ती सोडून का द्यायची?

पायरी_चुकली

सोन्याच्या पुतळ्याचा हिशेब वाचून हसू आलं. आकडे बरोबर आहेत, फक्त तो पुतळा घडवणार कोण? दगडाचं फर्निचर पाथरवट करतो, लाकडाचं सुतार करतो आणि धातूचं लोहार करतो. तिन्ही कौशल्यं वेगळी. तुमचे चार पाथरवट पार उस्ताद झाले असले तरी सोनं हातात दिल्यावर नवशिकेच. नवशिक्याच्या हातून मास्टरवर्क निघायची आशा धरू नका. ७५० चा पुतळा निघेल, फार तर दीड-दोन हजारांचा. शिवाय एका धातूच्या पुतळ्याला तीन कांड्या लागतात. सोन्याची शीर लागलीच नाही तर? साध्या दगडाचा पुतळा मास्टरवर्क निघाला तरी ३०० वर थांबतो.

म्हणजे तुमचा तो एक पुतळा हा खरं तर पन्नास पुतळ्यांनंतरचा पुतळा आहे.

खाणउंदीर

लोहाराचं खरंच डोक्यात आलं नव्हतं. मुकाट्याने कान धरतो. तरी पन्नास तर पन्नास, ५६० पेक्षा कमीच. आणि ते पन्नासही भोजनगृहातच मांडता येतील, तेही किंमत वाढवतीलच.

रंधा

आता तुम्ही माझ्याच वाटेवर आलात. सरावासाठी ढीगभर नग करावेच लागतात ना? मग सुताराच्या सरावातून पलंग निघू द्या, पाथरवटाच्या सरावातून कपाटं आणि दारं. पहिली शंभर ओबडधोबड निघतील, ती साध्या बुटक्यांच्या खोल्यांत जातील. हात बसल्यावरचे नग सरदारांना. व्यवस्थापक नेमा, ‘कोठारात कपाटं पाचपेक्षा कमी झाली तर पाच करा’ अशी अट घालून ऑर्डर लावा आणि विसरून जा. एकदम ५६० ची ऑर्डर टाकली की कोठार तुंबणारच, त्यात खोल्यांचा काय दोष?

ओलं_लाकूड

मला एक कळत नाही. दगडाचं सिंहासन होतं, दगडाची शवपेटी होते, मग दगडाचा पलंग का नाही? हिमनदीवर किल्ला काढलाय, झाड औषधालाही नाही. स्वतंत्र खोल्या राहू देत, इथे पलंगच नाहीत.

पायरी_चुकली

पलंग लाकडाचाच. अपवाद फक्त एखाद्या बुटक्याला झपाटल्यासारखं झालं आणि त्याने आर्टिफॅक्ट (एकमेवाद्वितीय कलाकृती) म्हणून पलंग घडवला तर. त्याच्या भरवशावर राहू नका. खाली खोदत भूगर्भातल्या गुहांपर्यंत जा, तिथे झाडाएवढ्या बुरशा वाढतात, त्यांचे ओंडके चालतात. तोवर व्यापारी काफिल्याला ओंडके आणायला सांगा. आणि झाडांवर जीव असलेले एल्फ व्यापारी आले तर त्यांना लाकडाचं काही विकायला जाऊ नका, फणकाऱ्याने निघून जातील.

निद्रानाश

अजून एक गोष्ट कुणी काढली नाही. एवढं सामान बनवलं की किल्ल्याची संपत्ती वाढते. शत्रू, म्हणजे गॉब्लिन, कधी चालून येणार हे लोकसंख्या, तुम्ही घडवलेली संपत्ती आणि निर्यात यांवर ठरतं. माझा एक किल्ला असाच गेला. खोल्या अप्रतिम, कपाटांवर रत्नं जडवलेली, आणि सैन्यात सहा जण. ते सहाही तांब्याच्या चिलखतात.

रंधा

तो दोष कपाटांचा की तांब्याच्या चिलखतांचा?

निद्रानाश

लोहार कपाटांवर कड्या ठोकत होता हो, चिलखत कोण करणार!

जुना_खेळाडू

उशिरा आलो. मी २००६ पासूनचा, म्हणजे खेळ आला तेव्हापासूनचा नाही, पण चित्रांऐवजी अक्षरांचे नकाशे होते तेव्हापासून खेळतोय. तेव्हा ‘खालच्या माणसाची खोली माझ्यापेक्षा भारी’ म्हणून सरदार तोंड वाकडं करायचे. त्यामुळे सगळ्यांना चांगल्या खोल्या द्यायच्या तर सरदारांना त्याहून चांगल्या द्याव्या लागायच्या, आणि ही शर्यत संपायची नाही. तिथून मला एक सवय लागली: साध्या खोल्या मुद्दाम सारख्याच ठेवायच्या. दोन बाय दोन, भिंती घासलेल्या, कोरीव काम नाही. पलंग, कपाट, दार. पेटी नाही. जोडपं एकच पलंग वापरतं, त्यामुळे १४० बुटक्यांना १४० खोल्या मला कधीच लागल्या नाहीत. खाणउंदीर, तुमच्या किल्ल्यात लग्नं किती झालीयेत ते आधी मोजा.

खाणउंदीर

मोजली. २६ जोडपी आहेत, आणि आईबापांबरोबर राहणारी पोरं निराळीच. म्हणजे मी निदान तीसेक पलंग उगाच केले.

तरी सामायिक खोली मोडत नाही. नवे स्थलांतरित येतील ते तिथेच निजतील. दोन बाय दोनच्या खोल्यांची एक गल्ली खोदायला घेतलीय, पेट्यांची ऑर्डर बंद केली. उरलेले पलंग कोठारात पडून आहेत. विकावेत म्हटलं तर अंगणात नेमके एल्फ येऊन उभे आहेत.

ओलं_लाकूड

इकडे पाठवा ते पलंग.