पेन अँड वॉश फोटोवरून शिकावे की घाटावर बसून?

उंबरठा:

गेले आठ महिने मी पेन अँड वॉश शिकते आहे. आधी वॉटरप्रूफ काळ्या शाईने रेखाटन करायचे, ते पूर्ण वाळू द्यायचे आणि मग त्यावर जलरंगाचे एक-दोन पातळ वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचे थर, द्यायचे, एवढाच हा प्रकार. पण त्यात किती ठिकाणी घसरायला होते ते बसल्यावरच कळते. पहिल्या महिन्यात मी फाउंटन पेनची नेहमीची काळी शाई वापरली आणि ओला ब्रश फिरवताच त्या काळ्यातून जांभळा रंग फुटून सगळ्या देवळाच्या भिंतीवर पसरला. फाउंटन पेनच्या बहुतेक शाया पाण्यात विरघळतात, हे मला त्या दिवशी कळले.

सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत. त्यामुळे रात्री साडेनऊनंतरचा दीड तास तेवढा माझा, आणि माझे सगळे शिकणे फोटोवरून झालेले आहे. मागच्या महिन्यात मी वाईजवळच्या मेणवलीच्या घाटाचे चित्र, स्वतःच दोन वर्षांपूर्वी काढलेल्या फोटोवरून केले आणि रविवारी एकत्र बसून चित्रे काढणाऱ्या एका गटाला दाखवले. तिथले एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, “रेघ चांगली आहे, पण चित्र उष्टे आहे.” तो शब्द मनातून जात नाही. फोटोवरून शिकणे खरोखरच कमअस्सल आहे का, यावर जाणकारांनी स्पष्ट लिहावे.

काळा कातळ:

शब्द कठोर होता, परंतु आशय मला मान्य आहे. मी तीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवली आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

पेन अँड वॉशमध्ये खरे काम निवडीचे असते. समोरच्या हजार गोष्टींतून कोणत्या वीस रेघेत घ्यायच्या, कोणत्या नुसत्या वॉशवर सोडायच्या आणि कुठे कागद कोरा ठेवायचा, हे ठरवण्यातच हे तंत्र आहे. फोटोत यांतले निम्मे निर्णय यंत्राने आधीच घेतलेले असतात, आणि ते चुकीचेही असतात. बहुतेक फोनचा मुख्य कॅमेरा २४ ते २६ मिलिमीटरच्या भिंगासारखा रुंद पाहतो, म्हणून घाटाची जवळची पायरी ओट्याएवढी मोठी दिसते आणि मागचे देऊळ बिचारे खेळण्याएवढे होते. शिखर चौकटीत बसावे म्हणून फोन वर कलवला की देवळाच्या उभ्या कडा आत झुकतात. नवशिका त्या तशाच उतरवतो आणि देऊळ पडायला आल्यासारखे दिसते. त्यातून आजचे फोन सावल्या आपण होऊन उजळवतात. वॉशला तर सावलीचाच आधार असतो. ती सावलीच पुसली गेली तर तुम्ही वॉश कशाचा देणार?

मेणवलीचेच उदाहरण घ्या. तिथे घाटावरच्या देवळात वसईहून आणलेली पोर्तुगीज घंटा आहे. पेशव्यांच्या फौजेने १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली वसई घेतली, त्या विजयानंतर आलेल्या घंटांपैकी ती एक. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची उठावाची आकृती आहे. तुमच्या फोटोत ती घंटा काळा गोळा असणार, आणि चित्रातही काळा गोळाच आला असणार.

उंबरठा:

गोळाच आला आहे, हे कबूल करते.

बर्फातला वाईकर:

मूळ वाईचा, गेली अकरा वर्षे टोरंटोत. गुरुजींचा मान राखून विरोध नोंदवतो.

घंटेचे उदाहरण तुमच्याच बाजूवर उलटते आहे. बारा इंची कागदावर घाटाचे चित्र केले तर ती घंटा करंगळीच्या नखाएवढी येईल. तेवढ्या जागेत मेरी आणि बाळ कुणी काढू नये. तिथे काळा गोळा हीच योग्य निवड आहे. निवडीचे महत्त्व तुम्हीच सांगता आणि मग फोटोत तपशील कमी पडतो म्हणून दोषही देता, हे मला पटत नाही.

दुसरा मुद्दा उजेडाचा. सूर्य आकाशात तासाला १५ अंश सरकतो. नवशिक्याला नुसते रेखाटन करायला दीड तास लागतो आणि तेवढ्यात पायऱ्यांवरची सावली एका कडेवरून दुसऱ्या कडेवर गेलेली असते. मग तो डावीकडची सावली सकाळची आणि उजवीकडची दुपारची काढतो आणि चित्र का फसले हे त्याला कधीच कळत नाही. फोटोतली सावली थांबते. तीच सावली चार वेळा, चार वेगवेगळ्या दाटपणाच्या वॉशने करून पाहता येते. निळा अल्ट्रामरीन आणि तपकिरी बर्न्ट सिएना मिसळून कातळाचा तो निळसर काळा साधायला मला एकाच फोटोवर अकरा कागद लागले. घाटावर अकरा कागद कोण करणार?

इकडे जानेवारीत पारा कधी कधी उणे पंधरापर्यंत उतरतो. डबीतले पाणी गोठते आणि ब्रशच्या टोकावर बर्फाची कणी धरते. काही मंडळी पाण्यात व्होडका घालून निभावतात, पण ती सगळीच पाण्यात जाते असे नाही. मला कृष्णाकाठ काढायचा आहे, हडसनची खाडी नव्हे. आणि कृष्णाकाठ माझ्याकडे फक्त फोटोत आहे.

राजा रविवर्म्यांनीही छायाचित्रांचा आधार घेतला होता. त्यांच्या चित्रांना कुणी उष्टे म्हटल्याचे ऐकिवात नाही.

काळा कातळ:

रविवर्म्यांचे नाव येणार हे अपेक्षित होते. त्यांनी छायाचित्रे वापरली, परंतु समोर माणूस बसवून वर्षानुवर्षे चित्रे केलेला हात ती वापरत होता. अंगरख्याची चुणी फोटोत अस्पष्ट असली तरी कापड कसे पडते हे त्यांना ठाऊक होते. ज्याला पोहता येते त्याने नदीचा नकाशा पाहावा. नकाशावर पोहायला शिकता येत नाही.

अकरा कागदांचा मुद्दा मात्र मी मान्य करतो. वॉशचा हात बसवण्यासाठी फोटो चालेल. रेघेसाठी चालणार नाही. फोटोसमोर बसलेला विद्यार्थी कडा नक्कल करत जातो, त्याची रेघ सगळीकडे सारख्या जाडीची आणि सारख्या भित्र्या वेगाची होते. प्रत्यक्ष जागेवर बाई बादली उचलून निघून जाणार असते, म्हणून रेघ धावते. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांनी तरुणपणापासून गोव्यातल्या माणसांच्या चित्रांनी रोजनिश्या भरल्या. त्यांच्या रेघेतला तो चटपटीतपणा स्थिर फोटोसमोर बसून येईल असे मला वाटत नाही. गॅब्रिएल कॅम्पानारिओ यांनी २००७ मध्ये सिॲटलमधून सुरू केलेल्या ‘अर्बन स्केचर्स’ या चळवळीच्या जाहीरनाम्याचे पहिलेच कलम प्रत्यक्ष पाहून, जागेवर बसून चित्र काढण्याचे आहे, तेही उगाच नाही.

रिकामी वही:

तो जाहीरनामा त्या चळवळीपुरता आहे, चित्रकलेचा कायदा नव्हे.

आणि “जागेवर बसा” हे सांगणाऱ्यांपैकी किती जण जागेवर एकट्या बाईच्या रूपाने बसले आहेत? मी नाशिकला गोदाघाटावर वही उघडून बसले होते. पाच मिनिटांत मागे सात माणसे उभी राहिली. एकाने “माझे काढा” म्हणून समोरच बसकण मारली, दुसऱ्याने न विचारता माझा व्हिडिओ काढायला सुरुवात केली, आणि तिसऱ्या आजोबांनी मी कुणाची कोण, इथून चौकशी मांडली. माझी रेघ धावली हे खरे, पण ती घरी जाण्याच्या घाईने धावली. आता मी जागेवर दहा मिनिटे उभी राहते, वहीच्या कोपऱ्यात आगपेटीएवढे टिपण करते, त्यात उजेड कुठून येतो त्याचा बाण काढते, दहा-बारा फोटो घेते आणि उरलेले घरी करते. फोन छातीच्या उंचीवर सरळ धरायचा आणि शिखरासाठी वर कलवायचा नाही; हवे तर चार पावले मागे जायचे. उभ्या कडांचा प्रश्न तिथेच संपतो. सावल्यांसाठी फोटो कृष्णधवल करून पाहायचा आणि डोळे किलकिले करून त्याचे तीनच भाग पाडायचे: कोरा कागद, मधला वॉश, गडद वॉश.

एक सावधगिरी: इंटरनेटवरून उचललेल्या फोटोवर छायाचित्रकाराचा हक्क असतो, आपल्याकडे तो त्याच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षे राहतो. सरावाच्या वहीत ठीक आहे, पण चित्र विकायचे असेल तर परवानगी घ्यावी.

काळा कातळ:

आपला अनुभव वाचून वाईट वाटले, आणि माझ्या लिखाणात ही बाजू आली नव्हती हेही खरे. आगपेटीएवढ्या टिपणाची पद्धत मला पूर्णपणे मान्य आहे, कारण निवड तिथे जागेवरच होते.

उंबरठाताईंना मात्र दहा मिनिटेही बाहेर पडता येत नाही, म्हणून त्यांच्यासाठी एक सुचवतो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या ग्रेड परीक्षांना स्मरणचित्राचा पेपर असतो. पालक त्याला “मनाने काढायचे चित्र” म्हणून हसण्यावारी नेतात, पण ह्या वादात तोच कामाचा आहे. फोटो पाच मिनिटे पाहा, हातात पेन घेऊ नका. मग फोन पालथा ठेवा आणि पेन्सिलीशिवाय थेट शाईने काढा. जे आठवेल तेच तुमच्या दृष्टीने महत्त्वाचे होते, असे समजा. फोटो निवड करू देत नाही ही माझी तक्रार आहे. फोन पालथा झाला की निवड तुमच्याकडे येते.

बर्फातला वाईकर:

हे आधी सांगितले असते तर मी एवढा भांडलो नसतो.

उंबरठा:

काल रात्री करून पाहिले. मेणवलीचाच फोटो घेतला, घड्याळ लावून पाच मिनिटे पाहिला आणि फोन उशीखाली ठेवला. ०.३ मिलिमीटरच्या पेनने सरळ शाईत सुरुवात केली. पहिली रेघ मारताना हात थरथरला, कारण खोडरबराची सोय नव्हती. वीस मिनिटांत चित्र संपले. इतक्या लवकर माझे एकही चित्र संपलेले नाही. मग वॉश दिला, एकच, मधला, आणि नदी कोरी सोडली.

नंतर फोटोशी ताडून पाहिले. मागची झाडे मी जवळजवळ विसरले होते. देवळाच्या शिखराचा एक थर गाळला होता. पायऱ्या मी सात काढल्या होत्या, फोटोत मोजल्या तर चौदा भरल्या. मात्र खालच्या पायरीवरची निळी बादली, तिची कललेली कडी आणि शेजारी पिळून ठेवलेल्या लुगड्याचा पीळ जसाच्या तसा आला आहे. फोटोवरून हुबेहूब नक्कल केली तेव्हा ती बादली मला दिसलीसुद्धा नव्हती. आता प्रश्न असा की, उरलेल्या सात पायऱ्या वाढवू का? वॉश वाळला आहे, वरून रेघा घालता येतील.

काळा कातळ:

सात पुरेशा आहेत. फोटो पुन्हा उघडू नका.

बर्फातला वाईकर:

चित्र फोटोवरूनच झाले आहे, याची गुरुजींनी कृपया नोंद घ्यावी.