बांगलादेशात संचारबंदी, लेक कुमिल्लाच्या हॉस्टेलात. निघ म्हणू की थांब म्हणू? मदत हवी आहे

उदगीरकर_बाबा | शनिवार, 20 जुलै 2024, सकाळी

माझी मुलगी कुमिल्लाला एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गुरुवारी संध्याकाळी तिचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला, "पप्पा, नेट बंद होणार म्हणतात, घाबरू नका." मी लगेच उत्तर टाकलं, त्यावर अजून एकच टिक आहे. साधा आयएसडी कॉल काल रात्री कितीदा तरी लावला तेव्हा एकदाचा लागला, दीड मिनिट बोलणं झालं. हॉस्टेलात आपल्याकडच्या आठ मुली आहेत, मेसमध्ये दोन वेळचा डाळभात मिळतोय, बाहेरून आवाज येतात. कसले आवाज ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

सरकारी नोकऱ्यांतल्या आरक्षणावरून हे पेटलंय. 1971 च्या लढ्यातल्या स्वातंत्र्यसैनिकांच्या वारसांचा 30 टक्के कोटा तिथल्या हायकोर्टानं जूनमध्ये परत लागू केला, त्यावरून पोरं रस्त्यावर आली. काल मध्यरात्रीपासून संचारबंदी आहे. मागच्या ऑक्टोबरात बीडला जाळपोळ झाली, संचारबंदी लागली, नेट बंद पडलं, तेव्हा माझा साडू तिथंच होता. पण तो आपल्या गल्लीत होता, शेजारी विचारपूस करायला होते. माझं लेकरू परक्या मुलखात आहे. तिला बंगाली समजते, पण तोंड उघडलं की दोन शब्दांत कळतं ही इथली नाही.

कुमिल्लाहून सीमेवरचा आखाउड्याचा नाका आणि पलीकडचं त्रिपुरातलं आगरतळा फार लांब नाही. तिच्या मैत्रिणी म्हणतात, खाजगी गाडी ठरवू आणि निघू. काय सांगू तिला? दुसरं, मध्येच घरी आली तर वर्ष बुडेल का? घरात दोन दिवस कुणाला घास उतरत नाही. बायको म्हणते, डिग्रीचं नंतर बघू, आधी पोरगी आणा.

लातूर_खारकीव्ह

काका, मी 2022 ला युक्रेनमध्ये युद्ध पेटलं तेव्हा तिथल्या खारकीव्हमध्ये शिकत होतो, म्हणून घाईनं लिहितोय. आठजणींनी स्वतः गाडी ठरवून निघायचं नाही. संचारबंदीत रस्त्यावर लष्कर असतं. नाक्यावर अडवलं तर ड्रायव्हर उतरून पळेल, मुली तिथंच राहतील.

आम्ही तळघरात होतो. बाहेर पडायची फार इच्छा व्हायची, कारण खायचं संपत आलं होतं. 1 मार्चला कर्नाटकातला एक विद्यार्थी किराण्यासाठी बाहेर गेला आणि गोळाबारात गेला. दुसऱ्या दिवशी दूतावासानं सांगितलं, आत्ताच्या आत्ता खारकीव्ह सोडा, गाडी नसेल तर चालत पेसोचिनला जा, तेव्हा मात्र आम्ही क्षणभर थांबलो नाही. थांबायचं तेव्हा थांबणं आणि निघा म्हटलं की निघणं, दोन्ही तितकंच जरुरी आहे.

आज तिला पुन्हा फोन लागला तर पहिलं विचारा, पासपोर्ट कुणाजवळ आहे? कॉलेजात जमा असेल तर आजच मागून घ्यायला सांगा. हॉस्टेलच्या रस्त्याकडच्या खोलीत झोपू नये, गच्चीवर जाऊ नये, खिडकीतून व्हिडिओ काढू नये. मोर्चा कितीही बरोबर वाटला तरी त्यात परदेशी माणसानं उभं राहायचं नाही, व्हिसा तर जाईलच, पण दोन्ही बाजूंना संशय येतो. पोलिसांनी धरलंच तर "माझ्या हाय कमिशनला (म्हणजे आपल्या तिथल्या दूतावासाला) कळवा" एवढं ठामपणे म्हणायचं. 1963 च्या व्हिएन्ना करारानं तो हक्क दिलाय.

नांदेडची_मावशी

दादा, माझा भाचा काल डावकीच्या नाक्यावरून मेघालयात उतरला. सोबत कॉलेजची बस होती आणि पुढं पोलिसांची गाडी, ही सोय ढाक्याच्या आपल्या हाय कमिशननं तिथल्या प्रशासनाशी बोलून केली. आठही मुलींची नावं, पासपोर्ट नंबर, हॉस्टेलचा पत्ता एका कागदावर घ्या आणि तुम्ही इथून त्यांच्या 24 तासांच्या हेल्पलाइनवर लिहून द्या. तिकडं नेट नाही, पण आपल्याकडं आहे ना. परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवरही तक्रार टाकून ठेवा.

आज परराष्ट्र मंत्रालयानं सांगितलंय की जमिनीच्या नाक्यांवरून 778 विद्यार्थी परत आलेत. तिथं आपले साडेआठ हजार विद्यार्थी आहेत, म्हणजे अजून बरेच आत आहेत, तुमची एकटी नाही. आज 12 ते 2 संचारबंदी सैल आहे. त्यांची वेळ आपल्यापुढं अर्धा तास, म्हणजे आपले साडेअकरा ते दीड. तेवढ्यात खाली जाऊन पाणी, बिस्किटं, आणि सुट्टे पैसे (तिथले टाका) घेऊ द्या, पण हॉस्टेलजवळच.

वर्षाचं म्हणाल तर एनएमसीचा (आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा) नियम 54 महिन्यांच्या शिक्षणाचा आणि 12 महिने इंटर्नशिपचा आहे, तेही एकाच कॉलेजात. थोडे दिवस गेले तर पुढं भरून काढता येतात. कॉलेजकडून लेखी घ्या की बंद कशामुळे होतं. आणि नाक्यावर एक्झिटचा शिक्का घेतल्याशिवाय इकडं पाऊल टाकू नका म्हणावं, परत जाताना तोच अडतो.

उदगीरकर_बाबा | रविवार, 21 जुलै, रात्री

आगरतळ्यातून फोन आला. कुणाच्या तरी सिमवरून, "पप्पा, शिक्का घेतला." पुढं दोघंही काही बोललो नाही. काल तिला निघू नको म्हणालो तेव्हा ती चिडली होती. आज दुपारी कॉलेजची बस निघाली, पुढं पोलीस होते. हॉस्टेलच्या आपांनी प्रत्येकीच्या हातात उकडलेली अंडी आणि पाण्याची बाटली दिली. त्या बाईंची स्वतःची मुलं ढाक्यात आहेत, त्यांच्याशी बाईंचं बोलणं झालेलं नाही. उद्या कोलकाता, तिथून हैदराबाद, मी गाडी घेऊन हैदराबादला जातोय.

पण सहाच आल्या. दोघींचे पासपोर्ट कॉलेजच्या ऑफिसात कुलपात आहेत, कारकून गावी गेलाय. त्यातल्या एकीचे वडील परभणीचे आहेत, आत्ताच बोललो. त्यांना काय सांगू?

लातूर_खारकीव्ह

पासपोर्ट हरवलेला नाही, म्हणून आधी हाय कमिशनकडून प्राचार्यांना फोन करवा, कुलूप त्यांच्या सांगण्यावर उघडतं. तरीही होत नसेल तर इमर्जन्सी सर्टिफिकेटचं (पासपोर्टऐवजी घरी परतण्यापुरता मिळणारा कागद) विचारायला सांगा. मुलींना बस चुकली म्हणून एकट्या निघू नका म्हणावं. परभणीच्या काकांना माझा नंबर द्या, तुम्हाला निरोपातून पाठवलाय. रात्रभर जागाच आहे.