मदत हवी आहे: मिलेनियम या थ्रिलर कादंबरी-मालिकेचा चौथा भाग घेऊ की नको?
मंडळी, स्टीग लार्सनचे तिन्ही भाग संपले, गणपतीपर्यंत पुरवायचे होते पण रत्नागिरीत पाऊस असा कोसळतोय की घराबाहेर पडायची सोय नाही, आणि दुसरा भाग ऐन मोक्यावर तोडलाय त्यामुळे तिसरा लगेच उघडावाच लागतो. आता अडलंय चौथ्यावर. लार्सन २००४ मध्ये गेला, २०१५ चा हा भाग डेव्हिड लागरक्रांट्झने लिहिलाय, लार्सनच्या पार्टनरचा तर त्याला विरोधच होता. ज्यांनी वाचलाय त्यांनी सांगा ना, नायिका लिस्बेथ तीच वाटते की नुसतं नाव तिचं? आमचा दादा म्हणतो मस्त आहे, पण त्याला सगळंच मस्त वाटतं. स्पॉयलर नको हां प्लीज!