मदत हवी आहे: एलिओनोराच्या झग्याची नाडी नेमकी कुठे?

मांजरपाटाचं चाचणीसाठी शिवलेलं तिसरं धड काल उसवलं, आता इथे विचारतेच.

ब्रोंझिनोने 1545च्या सुमारास रंगवलेलं फ्लॉरेन्सची डचेस एलिओनोरा दि टोलेडो हिचं चित्र (तिथल्याच उफित्झी संग्रहालयातलं, शेजारी तिचा छोटा मुलगा जोवान्नी उभा आहे ते) समोर ठेवून तिचा झगा शिवतेय. मूळ कापड पांढरं सॅटिन, त्यावर काळ्या मखमलीची वेलबुट्टी आणि सोनेरी जरीची डाळिंबं. मी साध्या क्रीम सॅटिनवर भागवणार आहे, तेव्हा कापडाचे पर्याय कृपया सुचवू नका. घोडं अडलंय बेतण्यात.

गळा चौकोनी, वर मोती जडवलेली सोनेरी जाळी. छातीवर मधोमध एक मोठ्ठं डाळिंब, अख्खं. मध्ये शिवण नाही, बटण नाही, नाडी नाही. मग बाई यात शिरली कशी? ती समोर तोंड करून बसलीय, त्यामुळे पाठ बघायची सोयच नाही. ब्लाऊजच्या सवयीने आधी पुढे हूक लावले, तर डाळिंबाची दोन शकलं. मग पाठीवर मधोमध नाडी घातली, तर मुंढे ओढले गेले आणि छातीखाली चुण्या. चित्रात तिथे फळीसारखं सपाट आहे!

दुसरं, बाह्यांच्या फटींतून आतल्या पांढऱ्या कामीचाचे फुगे बाहेर आलेत (कामीचा म्हणजे सदरा, आपल्या कमीजच्याच कुळातला शब्द). माझे फुगे हात उचलला की आत पळतात. काय करू?

प्रतिसाद १
चित्र जरा बाजूला ठेवा. एलिओनोरा 1562 मध्ये गेली. फ्लॉरेन्सच्या सान लोरेन्झो चर्चमधली तिची शवपेटी 1857 मध्ये उघडली, तेव्हा अंगावरचे कपडे नजरेस पडले. हाच तो चित्रातला झगा, असं बरीच वर्षं मानत. तो नव्हे, हा साध्या सॅटिनचा, भरतकाम केलेल्या मखमली पट्ट्यांचा. पण तुमच्या कामाला सोन्याहून पिवळा. जुन्या पोशाखांच्या अभ्यासक जॅनेट अर्नोल्ड यांच्या 1985च्या पुस्तकात मापांसकट बेत आहे. नाड्या दोन, दोन्ही कुशींच्या जरा मागे. म्हणून पुढचा भाग अखंड राहतो. आत लाल मखमलीची चोळी होती, पुढे हूक असलेली. सपाटपणा बहुधा तिचाच. मात्र हा झगा चित्रानंतर सतरा वर्षांनीचा आहे, कंबरेची रेघ चित्रावरूनच घ्या.

प्रतिसाद २
मी नाटकाचे कपडे शिवते. आम्ही सरळ खोटे फुगे करतो: मलमलीचे चुणीदार तुकडे, फटीच्या आत अस्तराला टाचलेले. खरेच हवे असतील तर सदऱ्याची बाही हाताच्या दीडपट लांब आणि चांगली घेरदार ठेवा. तुमची बाही आखूड पडतेय, म्हणून ते पळतात.

धागाकर्ती
कुशीत दोन नाड्या घालून बघितलं. पेन्सिलने काढलेलं डाळिंब अख्खं राहिलं, मुंढेही जागेवर! पण एकटीने बांधता येत नाही. नवऱ्याला डावी बाजू दिली, त्याने बुटाच्या लेससारखी फुली ओवली आणि सगळी बाजू वर चढली.

प्रतिसाद १
फुली नको. प्रत्येक बाजूला एकच नाडी, तिरकी. काजं समोरासमोर न घेता अर्ध्या अंतराने वर-खाली करा. आणि नवऱ्याला उजवी बाजू द्या, ती चित्रात कमी दिसते.