अनुभव धागा : तुमच्या गेम कन्सोलची एक खोड सांगा

आठबिटी

टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रांचा इतिहास कुठेही वाचायला मिळतो. कुठलं मॉडेल, कुठलं साल, किती खपलं, झालं. मला हवंय ते वेगळं. ज्या कन्सोलवर तुम्ही वाढलात (किंवा ज्याच्यावरून पोरांना ओरडलात) त्याची एकच खोड सांगा, आणि माहीत असेल तर ती तशी का होती तेही लिहा. नुसतं 'काय दिवस होते' लिहू नका, ते सगळ्यांचेच होते.

सुरुवात मीच करतो. एका संग्राहक मित्राकडे मॅग्नाव्हॉक्स ओडिसी हाताळायला मिळाला. घरात खेळायचा बाजारात आलेला पहिला कन्सोल, साल १९७२. राल्फ बेअर या अभियंत्याने १९६६मध्ये ही कल्पना मांडली आणि दोन वर्षांत तिचा चालता नमुना तयार केला. पडद्यावर दिसतं काय, तर पांढरे ठिपके आणि एक उभी रेघ. रंग नाही, आवाज नाही, स्कोअरही नाही. मैदान हवं असेल तर रंगीत पारदर्शक शीट टीव्हीच्या काचेवर चिकटवायचं. खोक्यात फासे, पत्ते आणि खोट्या नोटासुद्धा येत. आत मायक्रोप्रोसेसर नाहीच. आपण जे कार्ड खोचतो त्यातही गेम साठवलेला नसतो, फक्त आतली जोडणी बदलते.

आम्ही टेनिस खेळलो. एका चकतीने ठिपका वर-खाली जातो, दुसरीने डावी-उजवीकडे, आणि तिसरी चकती आपण मारलेला चेंडू हवेतल्या हवेत वळवते. मित्राने ती अशी काही फिरवली की चेंडू माझ्या ठिपक्याला वळसा घालून गेला. हे चालतं का, ते यंत्राला विचारून उपयोग नाही. नियम पुस्तिकेत आणि पंच आपणच. तेव्हा भांडण माणसांचं माणसांशी होई, हे मला फार आवडलं.

वायरगुंता

आमचा कन्सोल नकली होता हे मला बऱ्याच उशिरा कळलं. निन्टेन्डोने जपानमध्ये जुलै १९८३मध्ये फॅमिकॉम आणला, १९८५मध्ये तोच रूप बदलून एनईएस नावाने अमेरिकेत गेला, आणि त्याच्या नकला जगभर पसरल्या. पुढच्या नकलांमध्ये तर अख्खा कन्सोल एका चिपमध्ये कोंबलेला असे. उघडून पाहिलं तर बोर्डवर एक काळा इपॉक्सीचा थेंब, बाकी सगळा रिकामा डबा. कॅसेटवर '९९९९९९९ इन १' छापलेलं. मेन्यूत खाली खाली जात राहायचं, तर तेच पाच-सहा गेम. कुठे सुरुवात तिसऱ्या स्टेजपासून, कुठे लाइफ जास्त, आणि तेवढ्यावर नवा नंबर.

पण माझी खोड बंदुकीची. बदकं मारायच्या गेमची बंदूक गोळी झाडत नाही हे लहान पोरालाही कळतं, पण मग नेम कळतो कसा? मी समजत होतो की बंदुकीतून काहीतरी किरण निघतो. प्रत्यक्षात उलटं आहे. बंदूक फक्त बघते. नळीत एक भिंग आणि त्यामागे प्रकाश ओळखणारा सेन्सर. चाप ओढला की पडदा एका फ्रेमपुरता (फ्रेम म्हणजे पडद्यावर क्षणभर टिकणारं एक चित्र) पूर्ण काळा होतो, लगेच पुढच्या फ्रेमला बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. आधी काळोख आणि मग उजेड, असं दिसलं तरच बदक पडतं. दोन बदकं असतील तर दोन चौकोन एकापाठोपाठ, म्हणजे कुठलं पडलं तेही कळतं. चाप ओढताना डोळे न मिटता पाहिलंत तर तो चौकोन दिसतो. म्हणूनच नुसत्या पेटत्या बल्बवर नेम धरून फसवता येत नाही, काळोखाची फ्रेम चुकते ना.

हीच बंदूक आजच्या एलसीडी टीव्हीवर चालत नाही. चित्र यायला जरा उशीर होतो आणि कन्सोल तेवढं थांबत नाही.

लाल_बटण

माझं दोन ओळींत. फॅमिकॉमच्या दुसऱ्या रिमोटला स्टार्ट आणि सिलेक्ट बटणंच नव्हती. दोन्ही रिमोट यंत्राला कायमचे जोडलेले, त्यामुळे अदलाबदलही शेजारी बसूनच. मी धाकटा, म्हणजे गेम थांबवायचा अधिकार कायम दादाकडे. त्या बदल्यात माझ्या रिमोटवर माइक होता. 'झेल्डा' या निन्टेन्डोच्या साहसी गेमच्या जपानी आवृत्तीत लांब कानांचे काही राक्षस त्यात ओरडलं की मरतात. घरात मला ओरडायला परवानगी मिळाली ती तेवढीच.

रिकामी_रॅम

मी हौसेखातर अटारी २६०० साठी छोटे गेम लिहितो, म्हणजे आज, २०२०नंतर. १९७७चं यंत्र. रॅम १२८ बाइट. किलोबाइट नव्हे, बाइट. तुमच्या वरच्या परिच्छेदातली पहिली दोन वाक्यंही त्यात मावणार नाहीत.

एवढ्या रॅममध्ये पडद्याचं चित्र साठवणं अशक्यच. मग जुन्या ट्यूबवाल्या टीव्हीची किरणशलाका (पडद्यावर एकेक रेघ करत चित्र काढणारा झोत) जी रेघ काढतेय, नेमकी त्याच रेघेची माहिती प्रोग्रॅमने चित्राच्या चिपला आयत्या वेळी पुरवायची. एका रेघेला प्रोसेसरचे ७६ सायकल, म्हणजे कामाचे ठोके, मिळतात. एक सूचना दोन ते सात सायकल खाते, म्हणजे हिशेब करा. उशीर झाला की चित्र फाटतं. गेमचं डोकं, म्हणजे कोण कुठे धडकला, किती पॉइंट झाले, हे सगळं शलाका पडद्याच्या तळाशी पोचून परत वर जाईपर्यंतच्या वेळात उरकायचं. चिपमध्ये हलत्या वस्तू पाचच : दोन खेळाडू, दोन गोळ्या, एक चेंडू. बाकी जे दिसतं ती हातचलाखी. दोनच खेळाडूंच्या आकृत्या रेघागणिक बदलून अख्खी फौज उभी करतात.

खोड सांगायची तर जुन्या गेमांमध्ये पडद्याच्या डाव्या कडेला छोट्या काळ्या रेघा दिसतात, कंगव्याच्या दातांसारख्या. वस्तू आडव्या सरकवायची आज्ञा दिली की त्या रेघेच्या सुरुवातीचा थोडा भाग चिप काळा सोडते. काही रेघांवर आज्ञा, काहींवर नाही, म्हणून दात. अॅक्टिव्हिजनच्या लोकांनी (१९७९मध्ये अटारीतून बाहेर पडलेले प्रोग्रॅमर) यावर काय केलं, तर गरज असो नसो, प्रत्येक रेघेला ती आज्ञा दिली. दातांची सलग काळी पट्टी झाली आणि ती मुद्दाम आखलेल्या समासासारखी दिसू लागली. मला हे एखाद्या चकचकीत ग्राफिक्सपेक्षा जास्त सुंदर वाटतं.

धाकटी_पाती

आमच्याकडे वही होती. पासवर्डची. शून्य आणि इंग्रजी ओ यांच्यात घोळ झाला की अख्ख्या आठवड्याची प्रगती पाण्यात, त्यामुळे शून्याला मधून तिरकी रेघ मारायचा घरचा नियम होता. कंपनी पासवर्ड देत असे कारण कॅसेटमधली चिप फक्त वाचता येते, तिच्यात लिहिता येत नाही. मग खेळाडूची स्थितीच अक्षरांत गुंफून त्याच्या हातात द्यायची.

'झेल्डा' १९८६मध्ये जपानात फ्लॉपीसारख्या डिस्कवर आला, कारण तिच्यावर लिहिता येतं. १९८७मध्ये अमेरिकेत कॅसेटवर नेताना आत थोडी रॅम आणि एक बटणासारखी बॅटरी घातली. त्यात एक तंबी होती : बंद करताना आधी रीसेट दाबून धरा, मग पॉवरचं बटण. वीज जाता जाता प्रोसेसर भरकटतो आणि त्या क्षणी रॅममध्ये काहीबाही लिहून ठेवू शकतो, रीसेट धरलं की तो गप्प राहतो. माझ्या भाच्याला हा मंत्रतंत्र वाटला होता. कारण सांगितल्यावर तो प्रत्येक गेमला करायला लागला, ज्यांना बॅटरीच नाही त्यांनाही.

जुन्या कॅसेटी कोणाकडे असतील तर बॅटरी बदलण्याआधी सेव्ह कॉपी करून घ्या. जुनी काढली की आतलं सगळं जातं.

त्रिकोण_चौकोन

मी प्लेस्टेशनवाला, डिसेंबर १९९४ची पिढी. सगळे म्हणतात त्यातली माणसं थरथरतात. थरथरतातच. त्रिकोणांचे कोपरे अपूर्णांकात धरायची सोय नाही, त्यामुळे कोपरा पूर्ण पिक्सेलवरच जाऊन बसतो आणि कॅमेरा हलला की उड्या मारतो. फरशीवरचे पट्टे वाकतात कारण लांबचं आणि जवळचं अंतर लक्षात न घेताच चित्र ताणून बसवलेलं असतं. आता लोक नव्या गेमांत हे मुद्दाम आणतात!

मला मात्र आठवतं ते वेगळंच. काही गेमांचं संगीत सीडीवर साध्या ऑडिओ ट्रॅकसारखं असे. ती सीडी गाण्यांच्या सीडी प्लेअरवर लावली की दुसऱ्या ट्रॅकपासून गाणी वाजत. पहिला ट्रॅक म्हणजे गेमचा डेटा, तो सोडून द्यायचा.

सीडीत जागा भरपूर, म्हणून १९९७चा 'फायनल फॅन्टसी ७' तीन सीडींवर आला. वेग मात्र सेकंदाला साधारण ३०० किलोबाइट. मुख्य रॅम २ मेगाबाइट, ती भरायलाच सहा-सात सेकंद. दारं सावकाश उघडतात ती उगाच नाही. निन्टेन्डो ६४ने १९९६मध्ये कॅसेटच ठेवली, तिथे वाट पाहणं जवळपास नाही, पण जागा इतकी थोडी की सिनेमासारखे प्रसंग विसरा. दोन्हीतलं बरं कोण, यावर मी भांडायला तयार आहे.

लाल_बटण

६४. विषय संपला.

निवृत्त_मास्तर

मी साठीनंतर खेळायला लागलो. नातवाचा वी, निन्टेन्डोचा २००६चा कन्सोल. टीव्हीखाली ठेवायची ती बारीक पट्टी, सेन्सर बार म्हणतात. पण सेन्सर तिच्यात नाहीच! दोन टोकांना इन्फ्रारेड दिवे, बस. बघणारा कॅमेरा हातातल्या रिमोटच्या नाकाशी. म्हणून पट्टीच्या जागी दोन मेणबत्त्या अंतरावर लावल्या तरी पडद्यावरचा हात हलतो. आम्ही करून पाहिलं, सून पाण्याचं भांडं घेऊन उभी होती.

बोलिंगला मात्र पट्टीचा संबंध नाही, तिथे रिमोटमधला हालचाल मोजणारा भाग काम करतो. हे कळल्यावर मी खुर्चीत बसून नुसत्या मनगटाने खेळू लागलो आणि नातवाला हरवू लागलो. त्याला हे अजून पटलेलं नाही.

एकच_लाइफ

सगळे गोड बोलताहेत, मी जरा कडू बोलतो. वीचं ऑनलाइन दुकान जानेवारी २०१९मध्ये बंद झालं, त्याच्या पुढच्या कन्सोलचं, वी यूचं, मार्च २०२३मध्ये. तिथे फक्त डाउनलोड म्हणून मिळणारे गेम आज सरळ मार्गाने विकत घेता येत नाहीत. आताच्या कन्सोलची एसएसडी (गेम साठवायची चिपवाली डिस्क) फार वेगवान आहे, मान्य, त्रिकोण_चौकोनच्या त्या दारांची गरज उरली नाही. पण डिस्क असली तरी आधी इन्स्टॉल, मग अपडेट. कॅसेट खोचली आणि चालू केली, यात तिसऱ्या कुणाची परवानगी लागत नव्हती.

निवृत्त_मास्तर

कडू असलं तरी खरं आहे. एक विचारू का? आमच्या माळ्यावर मुलाचा जुना कन्सोल सापडला. नव्या टीव्हीला जोडला तर चित्र पुसट आणि बटण दाबल्यावर जरा वेळाने उडी. यंत्र गेलं का?

रिकामी_रॅम

नाही मास्तर, यंत्र ठीक असणार. जुने कन्सोल टीव्हीला नेहमीच्या निम्म्याच रेघा देतात, आणि दर वेळी त्याच जागी. नव्या टीव्हीला वाटतं हे एकाआड एक रेघांचं प्रसारण आहे. तो दोन फ्रेम एकत्र विणायला जातो, त्यात चित्र पुसट होतं आणि वेळही जातो. आधी टीव्हीचा गेम मोड लावून पाहा, उशीर कमी होईल. पुसटपणासाठी जुन्या कन्सोलचे सिग्नल ओळखणारा अपस्केलर (चित्र नव्या टीव्हीजोगं मोठं करून देणारा डबा) मिळतो, साधा स्वस्त कन्व्हर्टर घेऊ नका, तो हीच चूक करतो. आणि कुणाकडे जुना ट्यूबवाला टीव्ही पडून असेल तर सर्वात बरं. फक्त उचलताना काच आपल्या छातीकडे ठेवा, सगळं वजन तिकडेच असतं. मागचं झाकण उघडू नका, बंद असला तरी आत वीज साठलेली असू शकते.